मुदत संपलेलं मंडळ

नदीचा बांध सांभाळणारं आमचं बांध-मंडळ मरून अकरा वर्षं झाली होती आणि आमच्यापैकी कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. दर फेब्रुवारीत चर्चच्या तळघरात सभा भरत होती. अध्यक्ष निवडला जात होता, बांधावरचं गवत कापायचं काम कुणाला तरी दिलं जात होतं, पंपघराच्या मोटरींवरून वाद होत होते, आणि शेवटी व्हर्ना हासकॅम्पचा काळ्या अक्रोडाचा केक खाऊन सगळे आपापल्या घरी जात होते. कायद्याच्या लेखी मात्र त्या तळघरात केक खाणारी माणसं होती, बाकी काही नव्हतं.

हे कळलं बांध फुटल्यावर. त्या वर्षी मिसूरी नदी सात आठवडे बांधाला टेकून होती आणि शेवटी हासकॅम्पच्या वळणावर तिनं वाट काढली. पाणी ओसरल्यावर रॉइस टेमननं सरकारी दुरुस्तीसाठी अर्ज केला. रॉइस म्हणजे आमचा तेव्हाचा अध्यक्ष, आणि खोऱ्यातला सगळ्यात मोठा जमीनदार. महिनाभरानं राजधानीतून एका बाईचा फोन आला, की दुरुस्ती फक्त कायदेशीर मंडळालाच मिळते आणि तुमचं मंडळ अस्तित्वात नाही. रॉइसला वाटलं बाईनं दुसऱ्याच गावाचे कागद काढलेत. तसं नव्हतं. आमच्या आजोबांनी कोर्टाकडून मंडळ मंजूर करून घेतलं तेव्हा त्याला मुदत घातली होती. ती एकदा वाढवली गेली. दुसऱ्यांदा वाढवायची वेळ आली तेव्हा आम्ही मोटरींवरून भांडत होतो. दुधाच्या बाटलीला मुदत असते हे आम्हाला ठाऊक होतं, बांधालाही असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

मुदत संपली तेव्हा अध्यक्ष होता गिल्बर्ट हासकॅम्प, व्हर्नाचा नवरा. बावीस वर्षं अध्यक्ष होता तो. बांध म्हणजे त्याचा जीव की प्राण. कुठं घूस लागली, कुठं तळातून पाण्याचा उमाळा फुटतो, कुठली माती भिजली की सरकते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्याच पुरात पाचव्या आठवड्यात तो वाळूची पोती लावता लावता गेला. हातातलं पोतं खाली ठेवलं, त्यावर बसला आणि उठलाच नाही. त्याच्या अंत्ययात्रेत मी मोठमोठ्या माणसांना हुंदके देताना पाहिलंय. तीच माणसं चार महिन्यांनी धान्याच्या कोठारावर कॉफी पिताना म्हणू लागली, "गिल्बर्टनं लक्ष द्यायला हवं होतं. अध्यक्ष कशाला केला होता त्याला?" आमची माणसं अशीच आहेत. मेलेल्याला उलटून बोलता येत नाही, म्हणून सगळं त्याच्या माथी.

हे व्हर्नाच्या कानावर गेलं. जाणारच होतं.

तिची गोष्ट सांगायची तर आधी घर सांगायला हवं. वळणाच्या अगदी आत, बांधाला पाठ लावून उंचवट्यावर पांढरं लाकडी घर. गिल्बर्टच्या आजोबांनी बांधलेलं. बांध फुटला तो घरापासून हाकेच्या अंतरावर, तिथं पाण्यानं एवढा खोल डोह खणला की तळ लागत नाही, आणि तरी घराच्या पायरीला पाणी शिवलं नाही. बायका म्हणायच्या, गिल्बर्टनंच वरून हात धरला. मी असलं काही मानत नाही. उंचवटा चांगला होता, एवढंच.

फुटलेला बांध पुन्हा जिथल्या तिथं बांधायचा तर तो डोह भरावा लागणार, आणि तेवढी माती आणायची कुठून? इंजिनियर लोकांना सोपा मार्ग दिसत होता: बांध मागे सरकवायचा, वळण कापून सरळ न्यायचा. म्हणजे व्हर्नाचं घर आणि तिची निम्मी जमीन नदीच्या बाजूला पडणार. रॉइस उन्हाळ्यातच तिच्याकडे जमीन विकत मागायला गेला होता. लहानपणी तो तिच्या रविवारच्या शाळेत होता, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी तिला 'बाई'च म्हणायचा.

"बाई, चांगला भाव देऊ," तो म्हणाला. "तालुक्याच्या गावात सुंदर घर मिळेल तुम्हाला. जिने नाहीत, बर्फ उपसायला नको."

"रॉइस, मी या घरात नवरी म्हणून आले," व्हर्ना म्हणाली. "इथून मला उचलूनच न्यावं लागेल. केक घे."

त्यानं केक खाल्ला, बशी स्वतः धुऊन ठेवली आणि गेला. मंडळ जिवंत असतं तर ती नको म्हणाली तरी कोर्टामार्फत जमीन घेता आली असती. मेलेल्या मंडळाला एक ढेकूळही घेता येत नाही. हे रॉइसला माहीत होतं, त्याच्या क्लेटन वकिलाला माहीत होतं. व्हर्नाला माहीत नव्हतं. तिचं मेलेलं मंडळच तिच्या घराची राखण करत होतं.

मंडळ पुन्हा उभं करायचं तर कोर्टात अर्ज द्यावा लागतो, आणि त्यावर निम्म्याहून जास्त जमिनीच्या मालकांच्या सह्या लागतात. डोकी मोजत नाहीत, जमीन मोजतात. आमच्याकडे एकराला एक मत. यावरून आमच्यात थट्टाही चालायची. मला लोक एकरांनी हाक मारत, "काय एकशे ऐंशी, पेरणी झाली का?" ओटिस ब्रूगीला 'ऐंशी' म्हणत, आणि तो चिडत असे. रॉइसला कुणी आकड्यानं हाक मारत नव्हतं, आकडा तोंडात मावला नसता. पण ही सगळी बोलण्यापुरतीच गंमत. सभेत कधी कुणी एकर मोजल्याचं मला आठवत नाही. जे काय ठरायचं ते चर्चच्या आवारात गाड्यांना टेकून आधीच ठरलेलं असायचं, आणि तळघरात सगळ्यांचे हात एकदम वर जायचे. आम्हाला वाटायचं, हात वर करणं म्हणजेच कायदा.

रॉइसकडे स्वतःची भरपूर जमीन होती, पण निम्मी नव्हती. आणि रॉइस सह्या मागत दारोदार फिरला असता तर लोकांनी कुत्री सोडली असती. त्यानं बऱ्याच जणांची जमीन पडत्या भावात घेतली होती. म्हणून तो व्हर्नाकडे आला.

"लोक गिल्बर्टविषयी काय बोलतात ते कानावर येतं माझ्या, बाई," तो म्हणाला. हे व्हर्नानंच मला नंतर सांगितलं. "मला फार वाईट वाटतं. त्याचं काम तुम्हीच पुरं केलंत तर सगळ्यांची तोंडं बंद होतील. आणि तुम्हाला नाही कोण म्हणणार?"

"पण बांध होता तिथंच होणार ना, रॉइस?"

"ते मंडळ ठरवणार, बाई. आज मंडळच नाही, तर मी कोण सांगणारा?"

हे उत्तर तिला होकारासारखं वाटलं. तिला वाटलं, मंडळ म्हणजे ती तळघरातली माणसं. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बारशाला तिनं केक केला होता. हासकॅम्पच्या विरुद्ध हात वर करणारा माणूस खोऱ्यात अजून जन्मायचा होता, असं ती म्हणायची.

तिला मोतीबिंदू होता म्हणून गिल्बर्टचा ट्रक मी चालवला. माझी जमीन तिच्या शेजारची, आणि फुटलेल्या बांधातून माझ्या शेतात गुडघाभर वाळू आली होती, त्यामुळे मलाही मंडळ हवंच होतं. ते मी तिच्यापासून लपवलं नाही. सगळा ऑक्टोबर आम्ही हिंडलो. ती दार वाजवायची, आत जायची, कॉफी घ्यायची, आजारी माणसाची चौकशी करायची आणि सही घेऊन बाहेर यायची. अर्जावर पहिली सही तिची स्वतःची, मोठ्या वळणदार अक्षरात.

खोऱ्यात ज्यांची जमीन आहे पण पाय नाही, असे वारसदार शहरात राहतात. त्यांच्याकडेही आम्ही गेलो. गिल्बर्टच्या काळापासून रीत अशी की हे लोक सभेला येत नाहीत, आपलं मत अध्यक्षाच्या नावे लिहून देतात. व्हर्नानं सही घेताना प्रत्येकाकडून तेही लिहून घेतलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं, रीतच होती ती.

"गिल्बर्टला द्यायचात तसंच," ती समजावून सांगायची. "आता रॉइसच्या नावे द्या. म्हणजे तुम्हाला एवढ्या लांब यायची दगदग नको."

लोक आभार मानायचे. एका डॉक्टरीणबाईनं तर तिला मिठी मारली.

शेवटी सगळी बेरीज झाली तेव्हा थोडेच एकर कमी पडत होते. बऱ्याच वारसदारांचा पत्ताच लागला नव्हता, आणि विचारायचा राहिला होता एकटा ओटिस ब्रूगी.

ओटिसचं कुणाशी पटत नसे. पंपघराची पट्टी जास्त लावली म्हणून त्यानं एकदा मंडळावर खटला भरला होता आणि हरला होता. तेव्हापासून तो सभेला यायचा तो फक्त नाही म्हणायला. आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात मक्याच्या यंत्राखाली आडवा पडला होता. बाहेर यायची तसदी त्यानं घेतली नाही.

"कशाला आलीस ते ठाऊक आहे," यंत्राखालून आवाज आला. "नाही करणार सही."

"बाहेर तर ये, ओटिस. पायांशी काय बोलू मी?"

तो सरपटत बाहेर आला. तोंडाला ग्रीस लागलं होतं. "मेलंय ते मेलेलंच बरं, व्हर्ना. तुला कळतंय का तू कशाला जिवंत करायला निघालीस?"

"बांध नको का तुला? तुझं सोयाबीन काय हवेत पिकणार आहे?"

"बांध हवा. रॉइसच्या हातात मंडळ नको. जिवंत मंडळ जमीन घेऊ शकतं. सरळ कोर्टात जाऊन. आणि सगळ्यात आधी कुणाची घेईल?" त्यानं पान्यानं तिच्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "तुझी."

"माझी? गिल्बर्टची जमीन? अरे, माणसं आहेत ती, लांडगे नव्हेत."

"लांडगे परवडले. त्यांना एकर नसतात." मग तो माझ्याकडे वळला. "तू का गप्प, लॉयड? तुझं घर नव्या बांधाच्या आत राहतंय म्हणून?"

"मी गाडी चालवतोय, ओटिस," मी म्हणालो.

 व्हर्ना हळू आवाजात म्हणाली, "त्र्याण्णवच्या पुरात तुझी आई माळ्यावर अडकली होती. तू तिकडे आयोवात होतास. गिल्बर्टनं तिला पाठुंगळी घेऊन नावेत घातलं. परतताना नाव उलटता उलटता राहिली. त्यानं कधी बोलून दाखवलं का तुला?"

ओटिसनं पान्याकडे पाहिलं.  मग हात पँटला पुसून त्यानं कागद घेतला आणि ट्रकच्या बॉनेटवर ठेवून सही केली.

"तुझ्यासाठी करतोय," तो म्हणाला. "मंडळासाठी नाही. आणि हे चुकतंय, हेही सांगून ठेवतो."

परतीच्या वाटेवर मी तिला म्हणालो, "ओटिस भांडखोर आहे, वेडा नाही. अर्ज देण्याआधी एखादा बाहेरचा वकील बघ."

"तूसुद्धा?" ती म्हणाली. "लॉयड, ज्यांना माझ्या हातानं खाऊ घातलं त्या माणसांवर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा?"   तिनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि सगळा रस्ता गिल्बर्टच्या गोष्टी सांगत बसली.

कोर्टात काम चटकन आटपलं. जज्जांनी अर्ज चाळला, कुणाची हरकत आहे का विचारलं, कुणाची नव्हती. मंडळाला पूर्ववत अस्तित्व दिलं, आणि मधली अकरा वर्षंही खंड न पडल्यासारखी धरली. म्हणजे गिल्बर्टच्या हातून काही चुकलंच नव्हतं, कायद्यानं. व्हर्नानं तोंडावर रुमाल धरला आणि ती रडली. कोर्टाच्या पायऱ्यांवर रॉइसनं तिचा हात हातात घेतला. "आज गिल्बर्ट असायला हवा होता, बाई," तो म्हणाला, आणि त्याचे डोळेही भरले होते. ते खोटे नव्हते. हेच मला त्या माणसाचं सगळ्यात जास्त किळसवाणं वाटतं, की त्याचं रडणं खरं असतं.

फेब्रुवारीत सभा भरली. तळघर खच्चून भरलं होतं. पहिला ठराव व्हर्नाच्या आभाराचा. तिच्या अथक परिश्रमांमुळे मंडळाला नवजीवन मिळालं, असं क्लेटन वकिलानं वाचून दाखवलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, ओटिस सोडून. व्हर्ना लाजली. "पुरे रे," ती म्हणाली, "केक गार होतोय."

दुसरा ठराव बांध मागे सरकवण्याचा.

भिंतीवर नकाशा लावला गेला. त्यावर लाल रेघ होती. आमच्यापैकी बहुतेकांनी तो नकाशा आधी पाहिला होता. चर्चच्या आवारात, गाड्यांना टेकून, हे आधीच बोलून झालं होतं. फक्त त्या वेळी व्हर्ना तिथं नव्हती. तिनं चष्मा लावला, भिंतीजवळ गेली, नाक टेकेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. रेघ तिच्या घराच्या शेताकडच्या बाजूनं, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जागेवरून जात होती.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "माझं घर नदीत गेलं यात."

"नदीत नाही, बाई. नदीच्या बाजूला," रॉइस अगदी मऊ आवाजात म्हणाला. "डोह भरायचा तर सरकार हात लावायला तयार नाही. सगळ्या खोऱ्याचा प्रश्न आहे. तुम्हाला पूर्ण भरपाई मिळेल, मी स्वतः बघेन."

"मग मत घ्या," व्हर्ना म्हणाली. ती घाबरलेली नव्हती. वळून तिनं सगळ्या तळघराकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे. "घ्या ना. हात वर करायला सांगा."

रॉइसनं सांगितलं. ठरावाच्या बाजूनं थोडे हात वर झाले. माझा त्यात होता. माझं शेत वाळूखाली होतं, नवा बांध पुढच्या पुराआधी हवा होता आणि व्हर्नाच्या घरासाठी मी माझं घर घालवणार नव्हतो. हे मी तिच्या देखत केलं. मग विरुद्ध बाजूचे हात मागितले आणि जवळपास सगळं तळघर वर गेलं. म्हातारे, बायका, पाच-पाच एकरवाले, ज्यांनी आवारात मान डोलावली होती तेही. व्हर्नाचा चेहरा उजळला. "बघ रॉइस," ती म्हणाली, "मी सांगत होते."

पण मी त्या हातांकडे बघत होतो, आणि मला कळत होतं ते का वर गेलेत. क्लेटनसमोर एकरांची यादी उघडी पडलेली सगळ्यांना दिसत होती. आता एकर मोजले जाणार, ठराव होणार, बांध होणार, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. मग फुकटचा चांगुलपणा कोण सोडतो? उद्या चर्चमध्ये व्हर्नासमोर बसायचं होतं.

"बाई, कायद्यानं एकरांची मतं मोजावी लागतात," रॉइस म्हणाला. "माझ्या हातात असतं तर—"

क्लेटननं मोजायला घेतलं. वर आलेल्या त्या सगळ्या हातांचे एकर मिळून रॉइसच्या घरच्या जमिनीपेक्षा जेमतेम जास्त भरले. त्यानंतर त्यानं शहरातल्या वारसदारांची मतं वाचायला सुरुवात केली, जी अध्यक्षाच्या नावे लिहून दिलेली होती. एकेक नाव तो स्पष्ट वाचत होता आणि त्यापुढं एकर. पहिल्या दोन-तीन नावांना व्हर्ना नुसती ऐकत होती. मग त्या डॉक्टरीणबाईचं नाव आलं.

"ही मीच आणलीत," व्हर्ना म्हणाली.

क्लेटन थांबला. रॉइसनं त्याला पुढं वाचायची खूण केली.

"ही सगळी मीच आणलीत," ती पुन्हा म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. ठराव मंजूर झाला. कुणीतरी तिला पाणी आणून दिलं. टेबलावरच्या केकला बराच वेळ कुणी हात लावला नाही, पण मग एकानं लावला, आणि नंतर तो संपला.

तिनं शेवटी बाहेरचा वकील केलाच. सेंट लुईसचा, तरुण, हुशार. मंडळानं जमीन ताब्यात घ्यायला अर्ज केला तेव्हा त्यानं मुद्दा काढला की अकरा वर्षं मेलेलं मंडळ असं सह्यांवर जिवंत होऊच शकत नाही, त्यामुळे त्याला जमीन घ्यायचा हक्कच नाही. मुद्दा बरा होता, मला बाजूच्या बाकावर बसूनही पटला. जज्ज तेच होते. त्यांनी जुना अर्ज मागवला आणि पहिलं पान व्हर्नाकडे धरलं.

"मिसेस हासकॅम्प, ही सही कुणाची?"

"माझी, साहेब."

"तुम्हीच या कोर्टाला सांगितलंत की हे मंडळ जिवंत व्हायला हवं. कोर्टानं तुमचं ऐकलं. आता तुम्हीच म्हणता ते मेलेलं आहे." आवाजात राग नव्हता, उलट कीवच होती. "मागितलेलं मिळाल्यावर ते मिळालंच नाही, असं तुम्हाला म्हणता येणार नाही."

"मला असं नको होतं," व्हर्ना म्हणाली.

"अर्जात तसं कुठं लिहिलेलं नाही," जज्ज म्हणाले.

भरपाई रास्त मिळाली. रॉइसनं शब्द पाळला, स्वतः लक्ष घालून वाढवून दिली. तालुक्याच्या गावात तिला वृद्धांच्या वसतीत दोन खोल्या मिळाल्या, जिने नसलेल्या. बुलडोझर आले, खुराडं गेलं, नवा बांध उभा राहिला, सरळ आणि देखणा. घर पाडायचं राहून गेलं. ते पलीकडे उंचवट्यावर उभं होतं, पडदे काढलेलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नदी चढली. आमच्याकडे पाणी चढलं की कुणाला बोलवावं लागत नाही, ज्याच्या अंगात बळ आहे तो बांधावर येतो. मी पोती भरत होतो. शेजारी ओटिस फावडं मारत होता. तो माझ्याशी बोलत नाही, पण पोतं धरतो. दुपारी वृद्धांच्या वसतीची गाडी आली आणि तीतून व्हर्ना उतरली. हातात सँडविचची टोपली होती. दर पुरात आणायची तशीच.

 रॉइस पुढं झाला. "बाई, तुम्ही इथं यायला नको होतं," तो म्हणाला. "त्रास होईल तुम्हाला."

"लोक उपाशी आहेत ना?" ती म्हणाली आणि टोपली त्याच्या हातात दिली. त्यानं टोपली घेतली आणि सँडविच वाटली. लोकांनी खाल्ली. मीही खाल्लं.

मग ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. पाणी तिच्या ओसरीवर चढलं होतं. आम्ही उभे होतो तिथून दिसत होतं, पुढचं दार आपोआप उघडलं आणि पाणी आत गेलं. आतून लाकडं आदळल्याचे आवाज येत राहिले, जिना असावा. आमच्या मागं माझा मका वीतभर वर आला होता, कोरडा, रांगेत. त्या वर्षी तो फार छान आला.

"लॉयड," ती म्हणाली, "गिल्बर्ट असता तर त्यानं हात कुठल्या बाजूनं वर केला असता?"

ओटिसनं फावडं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. खोटं बोल, असं तो डोळ्यांनी म्हणत होता. ओटिसनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

मी गिल्बर्टला चाळीस वर्षं ओळखत होतो. बांधासाठी त्यानं लग्नाचा वाढदिवस चुकवला, मुलीचं बाळंतपण चुकवलं, आणि शेवटी स्वतःचा जीव दिला. व्हर्नाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिला खोटं सांगून फसवता आलं नसतं, आणि खरं सांगितलं तर तिच्याकडे काही उरणार नव्हतं. घर गेलं होतं. ज्याच्यासाठी ती दारोदार फिरली तो नवरा तेवढा तिच्या बाजूला उरला होता.

"ठरावाच्या बाजूनं," मी म्हणालो. "पहिला हात त्याचाच असता."

ती पाण्याकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी घरी येऊन मला सांगितलं असतं, व्हर्ना, सामान बांध."

ओटिसनं फावडं जमिनीत रोवलं आणि तो तिथून चालता झाला. व्हर्ना खाली वाकली. माझ्यासमोरचं अर्धं भरलेलं पोतं तिनं दोन्ही हातांनी उघडं धरलं आणि मी वाळू टाकायची वाट बघत उभी राहिली.